उत्तरपत्रिकेत न मावणारा इतिहास

इतिहास हा पाठ करावयाचा विषय आहे, त्याविषयी काही वाटून घ्यावयाचे नसते, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांतही मूळ धरून बसली आहे. सनावळ्या लक्षात ठेवाव्यात, गाईडातील उत्तरे घोकावीत, गुण मिळवावेत आणि पुस्तक रद्दीवाल्याच्या तराजूत टाकावे. या समजुतीविरुद्ध आम्ही लेखणी उचलीत आहोत, कारण ती आता निरुपद्रवी राहिलेली नाही.

निमित्त लहानसे आहे. आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या हस्तलिखितासाठी, महाविद्यालयात प्राचीन जगाचा इतिहास शिकणाऱ्या एका मुलीने लेख दिला. तिने प्रश्नोत्तरे लिहिली नव्हती. वाचताना मनात काय झाले ते लिहिले होते. ऊर नगरातील मृत दासींविषयी वाचून रात्री झोप लागली नाही, हम्मुराबीच्या कायद्याची चीड आली, आणि नोहाच्या जलप्रलयासारखी कथा बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही आहे हे कळल्यावर भीती वाटली, असे तिने प्रांजळपणे सांगितले. लेखावर दोन बाजूंनी तोफा डागल्या गेल्या. काही वडीलधाऱ्यांनी फर्मावले की, असले विषय परीक्षेपुरते वाचावेत, मनावर घेऊ नयेत. शिकवणीच्या एका शिक्षकांनी शेरा मारला की, इतिहासात ‘मला वाटते’ याला गुण नसतात. दोघांचे गोत्र वेगळे, पण उपदेश एकच: वाटून घेऊ नकोस.

आम्ही विचारतो, का वाटून घेऊ नये?

प्रथम त्या दासींविषयी. आजच्या इराकमधील ऊर येथे लेनर्ड वूली यांनी इ. स. १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचे मूळ गाव म्हणून ‘खास्द्यांचे ऊर’ येते, ते हेच असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजकबरींपैकी एका खड्ड्यात ७४ सांगाडे रांगांनी निजवलेले सापडले. त्यांपैकी ६८ स्त्रियांचे होते. केसांत सोन्याचांदीच्या फिती, अंगावर निळ्या लाजवर्दाचे आणि तांबड्या अकीकाचे मणी. (ऊरच्या कबरींतील काही नक्षीदार अकीक तर आपल्या सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून तेथवर गेलेले आहेत.) एका तरुणीच्या केसांत मात्र फीत नव्हती. ती गुंडाळलेलीच तिच्या कमरेपाशी मिळाली. त्या दिवशी तिला उशीर झाला असावा, फीत बांधायला सवड मिळाली नसावी, असा वूली यांचा तर्क होता.

आमच्या त्या विद्यार्थिनीची झोप उडाली ती या फितीमुळे. सकाळी मिस्सेला उशीर होतो म्हणून रिबीन हातातच घेऊन धावणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक घरात आहेत. तेव्हा तिला काय झाले असेल ते सांगावयास नको. पाठ्यपुस्तकात या साऱ्याचे एक वाक्य होते: राजाबरोबर सेवकांनाही पुरले जाई. ‘पुरले जाई’ हे क्रियापद किती निरागस आहे पाहा! कोणी पुरले, कोणाच्या आज्ञेने, त्या मुलीच्या आईने काय केले, यांतले काहीही त्या क्रियापदाला विचारता येत नाही.

येथे शिक्षकमहाशय म्हणतील, भावनेने इतिहास सिद्ध होत नाही. मान्य. भावना हा पुरावा नव्हे. परंतु पुरावा शोधावयास निघण्याचे बळ भावनेतूनच येते. वूली यांना वाटले होते की, ही माणसे स्वखुशीने विष पिऊन शांतपणे निजली. अनेक दशके पुस्तकांतून हेच चित्र रंगवले गेले. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेल्या दोन कवट्यांची क्ष-किरणांच्या आधुनिक साधनाने तपासणी झाली आणि इ. स. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही कवट्यांवर आघाताच्या खुणा होत्या; त्यांपैकी एक कवटी याच खड्ड्यातील स्त्रीची होती. ‘स्वखुशीने’ या शब्दाला त्या दिवशी तडा गेला. दुसऱ्याचे बलिदान स्वखुशीचे होते असे सांगणाऱ्यांकडे, मग ते पुरातत्त्ववेत्ते असोत की आम्ही धर्मगुरू, संशयाने पाहावे, हे त्या मुलीच्या अस्वस्थतेने आधीच ओळखले होते. आणि तिला अस्वस्थ करू नका म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, याच ऊर नगराशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या अब्राहामाचा मुलावर उगारलेला हात मोरिया डोंगरावर थांबवला जातो. खड्डा माहीत नसलेल्या वाचकाला तो थांबलेला हात पुरता दिसतच नाही.

आता हम्मुराबी. त्याचा कोरीव स्तंभ इ. स. १९०१-०२ च्या हिवाळ्यात फ्रेंच उत्खननात इराणमधील सुसा येथे सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरील कायद्याचे प्रथम वाचन करून ते १९०२ मध्ये प्रसिद्ध करणारे विद्वान कोण होते? झाँ-व्हँसाँ शेल नावाचे डॉमिनिकन धर्मगुरू. ‘असले विषय मनावर घेऊ नयेत’ हा उपदेश त्यांच्या मठातल्या कोणी ऐकवला असता, तर तो स्तंभ वाचण्याचा पहिला मान भलत्याच कोणाकडे गेला असता!

या कायद्यात कुलीन माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडावा. सामान्याचा फोडला तर एक मिना चांदी द्यावी. दासाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम मोजावी. बांधलेले घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला ठार करावे. आमच्या विद्यार्थिनीची चीड या शेवटच्या कलमावर होती: गवंड्याच्या मुलाने काय केले होते? तिला हे कोणी सांगितले नाही की, तिचा हाच प्रश्न अनुवादाच्या पुस्तकाने सोडवला आहे. तेथे मुलाच्या अपराधासाठी बापाला आणि बापाच्या अपराधासाठी मुलाला मारण्यास बंदी आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात धन्याने दासाचा डोळा फोडला तर त्या दासाला मुक्त करावे असे सांगितले आहे. डोळ्याचे मोल चांदीत नाही, स्वातंत्र्यात मोजले आहे. त्याच अध्यायात गुलामगिरी मात्र शाबूत राहते, हेही लपवण्याचे कारण नाही. ज्याला हम्मुराबीची चीड आली नाही त्याला मोशेचे पाऊल किती पुढे पडले आणि कोठे थांबले, यांपैकी काहीच कळणार नाही.

राहिली जलप्रलयाची भीती. जॉर्ज स्मिथ या, बँकेच्या नोटांचे ठसे कोरणाऱ्या व फावल्या वेळात मातीच्या पाट्या वाचावयास शिकलेल्या गृहस्थाने, निनवेच्या पाट्यांतील प्रलयकथा ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये विद्वत्सभेपुढे वाचली. पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. ती पाटी इ. स. पूर्व सातव्या शतकातील. परंतु त्याच कथेचे, सुमारे इ. स. पूर्व सतराव्या शतकातील रूपही पुढे उपलब्ध झाले. याला भ्यावे की काय? त्या जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोपमोड होते म्हणून प्रलय येतो. प्रलयानंतर भुकेले देव होमाभोवती माश्यांसारखे गोळा होतात. उत्पत्तीच्या पुस्तकात प्रलयाचे कारण गोंगाट नसून पृथ्वीवर माजलेला जुलूम आहे, आणि अखेरीस देव भुकेने येत नाही. तो करार करतो. दोन्ही कथा शेजारी ठेवल्याशिवाय हा भेद कसा दिसावा? पोप पायस बारावे यांनी १९४३ च्या आपल्या परिपत्रकात पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना प्राचीन पौर्वात्य लेखनप्रकार शोधून काढण्याचा आग्रह केला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तीच दिशा कायम केली. ख्रिस्तसभेने जी खिडकी उघडली ती आमच्या गावचे वडीलधारे कोणत्या अधिकाराने लावून घेतात?

कित्येकांच्या मनात अजून सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाला असे घट्ट बसले आहे. हा आकडा बायबलमध्ये कोठेही नाही. तो अशर नावाच्या आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशपांनी १६५० मध्ये हिशेब करून काढला. येरिहोचा दगडी बुरूज इ. स. पूर्व ८००० च्या सुमाराचा आहे. तेव्हा त्या हिशेबाने हा बुरूज सृष्टीच्याही चार हजार वर्षे आधी उभा होता म्हणावयाचे. परक्या पंथाच्या आर्चबिशपांचे गणित प्राणपणाने जपणारे आपले काही कॅथलिक बांधव पाहिले म्हणजे हसू आवरत नाही.

परंतु हसण्याने भागत नाही. ‘परीक्षेपुरते वाच’ या सल्ल्याने आपण मुलांना दोन वह्या ठेवावयास शिकवतो, एक कॉलेजची आणि एक रविवारची. दुकानदार दोन वह्या ठेवतो तेव्हा त्याला आपण काय म्हणतो? अशी मुले कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचली की रविवारची वही आपसूक मिटते आणि आपण दूरचित्रवाणीला, संगतीला, जमान्याला दोष देत बसतो. जी मुलगी घाबरून का होईना आपली भीती धर्मग्रामाच्या हस्तलिखितात आणून ठेवते, तिने एकच वही ठेवली आहे. तिच्यावर ओरडणे हा शुद्ध अविचार होय.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंनी १९२६ मध्ये इतिहास-संशोधनाची संस्था उभारली. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील लिपी वाचण्याच्या ध्यासात त्यांनी वर्षानुवर्षे घालवली आणि १९५३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये ते वारले. त्यांचे वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. ती लिपी आजही निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. पण त्यांची संस्था त्याच महाविद्यालयात त्यांच्याच नावाने उभी आहे. तिच्या ग्रंथालयाचा पत्ता आम्ही त्या विद्यार्थिनीला लिहून दिला आहे.