लॅपटॉप चार्ज होत नाही? लगेच बॅटरी बदलू नका!

कुंभकोणममध्ये मे महिन्यातली दुपार. वीज गेली, पंखा थांबला आणि पाठोपाठ माझा लॅपटॉपही बंद! "बॅटरी गेली" असं म्हणत मी नवी घ्यायला निघालेच होते. खरा दोष निघाला एक्स्टेंशन बोर्डचा. प्लग सैल बसत होता, त्यामुळे रात्रभर चार्जिंग झालंच नव्हतं.

तुमच्याही बाबतीत असं होऊ शकतं. म्हणून खर्च करण्याआधी या क्रमाने तपासा.

१. सॉकेट : चार्जर थेट भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहा.

२. चार्जर : वायर कुठे चिरली आहे का बघा. लेबलवरचे वॅट वाचा. 65 वॅट लागणारा लॅपटॉप मोबाइलच्या 18 वॅटच्या चार्जरवर नीट चार्ज होणार नाही.

३. पोर्ट : लॅपटॉप बंद करून टॉर्चच्या उजेडात आत धूळ आहे का पाहा. असल्यास लाकडी टूथपिकने अलगद काढा. पिन किंवा सुई अजिबात नको.

४. बॅटरी : वरचं सगळं ठीक असेल तरच बॅटरीवर संशय घ्या. मॅकबुकमध्ये सेटिंग्जमधल्या 'बॅटरी' विभागात तिची तब्येत दिसते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात दोन आकडे असतात : बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आताची क्षमता. पहिला 50,000 आणि दुसरा 25,000 असेल, तर बॅटरी निम्मी संपली आहे.

लिथियम-आयन बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. त्यामुळे लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची जाळी बंद होते. सतत प्लग लावून काम करत असाल, तर सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा आहे का पाहा.

टचपॅड वर उचलला गेलाय? झाकण नीट बसत नाही? मग बॅटरी फुगली असू शकते. लगेच चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा. इथे काटकसर केली, तर आग लागण्याचा धोका असतो.

नोव्हेंबर 2018 मध्ये गाजा चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या कावेरीच्या खोऱ्यात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. बॅटरी किती साथ देते, हे अशा वेळी कळून काय उपयोग? आज रात्रीच पाच मिनिटं काढून तपासा.