वानरराजाचा मुखत्यार

महाराष्ट्रात शाळेचा इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ह्यूएन त्संग ठाऊक असतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, इसवी सन ६४१ च्या सुमारास, तो या प्रदेशात आला आणि येथील माणसे उपकार विसरत नाहीत तसा अपमानही विसरत नाहीत, अशी नोंद करून गेला. चीनमध्ये मात्र हा भिक्षू स्वतःच्याच शिष्याच्या सावलीत गेला आहे. सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या शंभर प्रकरणांच्या कादंबरीने त्याच्या सोबतीला सुन वुखोंग हा अचाट वानर दिला, आणि यात्रा भिक्षूची राहिली नाही, वानराची झाली. गेल्या सुमारे चार दशकांत बहुसंख्य चिनी प्रेक्षकांच्या मनात या वानराला एकच चेहरा आहे: झांग जिनलाई या दूरचित्रवाणी नटाचा. रंगभूमीवरील नाव लिउ श्याओ लिंग थोंग.

त्या नावातच सारी कथा दडलेली आहे. झांग घराणे शाओशिंगचे, झेजियांग प्रांतातले. पणजोबा शेतकरी, शेतीची कामे आटोपली की जत्रांमधून वानराचे सोंग घेत. आजोबांनी ते सोंग रंगमंचावर नेले. वडील झांग झोंगयी सहाव्या वर्षी नाटकात उभे राहिले, म्हणून त्यांचे नाव लिउ लिंग थोंग, म्हणजे ‘सहा वर्षांचा बालनट’. थोरला भाऊ त्यांचा वारस ठरला आणि त्याच्या नावाआधी ‘श्याओ’, म्हणजे ‘लहान’, हा शब्द लागला. १९५७ साली पंतप्रधान चौ एन-लाय यांनी नाटकानंतर या पोराला कडेवर घेतले. ते छायाचित्र पुढे फार गाजले. १९६६ साली तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. जिनलाई तेव्हा सात वर्षांचा होता. आपण मेलो तरी तू वानरराजा झालास की मी तुला भेटेन, असे भाऊ म्हणाल्याची आठवण झांग आजवर पुनःपुन्हा सांगत आले आहेत. थोरल्याच्या नावात आरंभी असलेले ‘श्याओ’ एक घर पुढे सरकवले की धाकट्याचे नाव तयार होते.

त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि जुन्या नाटकांवर गदा आली. वडिलांचाही छळ झाला. घराण्याची विद्या शिकायच्या वयात मुलापुढे रंगमंचच उरला नाही. १९७६ नंतर झांग झेजियांगच्या खुन्छू नाट्यमंडळीत गेले आणि तेथे लढवय्या पात्रांचे शिक्षण घेऊ लागले. १९८२ साली दिग्दर्शिका यांग जिए चिनी केंद्रीय दूरचित्रवाणीसाठी कादंबरीची मालिका करायला निघाल्या, तेव्हा वानराच्या शोधात त्या वृद्ध झांगांकडे गेल्या. त्यांनी धाकट्या मुलाचे नाव सुचवले. वय तेवीस, आणि डोळे अधू! वानराच्या भूमिकेत नजर हेच शस्त्र, आणि नटाला जाड भिंगाचा चष्मा. उगवत्या सूर्याकडे टक लावून, टेबल टेनिसच्या चेंडूमागे बुबुळे फिरवून, अंधारात उदबत्तीच्या ठिणगीचा पाठलाग करून ही नजर घडवल्याचे त्यांनी सांगितले आहे. मालिका पाहणाऱ्याला ते खोटे वाटत नाही.

पंचवीस भाग पुरे व्हायला सहा वर्षे लागली. हाताशी एकच कॅमेरा. वानरांच्या गुहेसाठी ह्वांगकुओशूचा धबधबा, अग्निपर्वतासाठी तुर्फानचे तांबडे डोंगर. भिक्षूची भूमिका तीन नटांनी आळीपाळीने केली. वानर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. मध्येच पैसा संपला, तेव्हा रेल्वे बांधकाम विभागाच्या एका शाखेने तीस लाख युआन देऊन काम तगवले. (यात्रेचे मुक्कामस्थान असलेला भारत थायलंडमध्ये उभा राहिला, खऱ्या ह्यूएन त्संगाला ही सवलत नव्हती.) १९८६ च्या वसंतोत्सवात पहिले अकरा भाग दिसले, १९८८ मध्ये संपूर्ण मालिका. पुढच्या पिढ्यांची उन्हाळी सुटी तिच्या पुनःप्रसारणावर गेली.

येथपर्यंतचे झांग वादातीत आहेत. वाद त्यांच्या दुसऱ्या भूमिकेचा आहे. नव्वदीनंतर वानराच्या कथेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९९५ च्या हाँगकाँगच्या दोन भागांच्या चित्रपटात स्टीफन चाऊ यांचा वानर चक्क प्रेमात पडला, आणि चीनच्या महाविद्यालयीन मुलांनी पुढे तो डोक्यावर घेतला. झांग यांनी अशा रूपांतरांवर सातत्याने टीका केली: वानराला प्रेयसी देणे म्हणजे अभिजात ग्रंथाची विटंबना, पोरांच्या मनावर चुकीचे संस्कार. मूळ कथेचे रक्षण हे त्यांचे जीवितकार्य झाले.

हा हक्क मान्य करता येत नाही, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच मालिकेत आहे. मूळ कादंबरीतील वानर चार फुटांचाही नाही आणि दिसायला भयंकर आहे, लोक त्याला पाहून पळतात. मालिकेतला देखणा, रुबाबदार वानरराजा रंगभूमीची देणगी आहे. कादंबरीतील भिक्षू स्त्रीराज्याच्या राणीपुढे अविचल राहतो. यांग जिए यांनी त्या प्रसंगात प्रेमगीत घातले आणि भिक्षूच्या चेहऱ्यावर क्षणभर घालमेल दाखवली. मालिकेतला तो सर्वांत लोभस भाग ठरला. तो विटंबना कसा नव्हे?

वडिलांचे उदाहरण याहून बोलके आहे. वानर हाडांच्या राक्षसिणीला तीनदा मारतो, या प्रसंगावरचे त्यांचे नाटक फार गाजले, १९६० साली त्यावर चित्रपटही झाला. १९६१ च्या ऑक्टोबरात ते नाटक पाहून कुओ मोरुओ यांनी कविता लिहिली: राक्षसिणीला ओळखू न शकणाऱ्या भिक्षूला कठोर शासन हवे. नोव्हेंबरात माओंनी कवितेनेच उत्तर दिले की भिक्षू मूर्ख असला तरी सुधारता येईल, खरा शत्रू राक्षसीण. सोव्हिएत संघाशी मतभेद विकोपाला गेले होते, त्यामुळे राक्षसीण कोण हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. म्हणजे जत्रेतले सोंग एकाच घराण्यात तीन पिढ्यांत राजकीय रूपक झाले, आणि चौथ्या पिढीत घराघरांतली मालिका. बदलणे हाच या घराण्याचा वारसा होता.

मुळात या वानराचे मूळच निश्चित नाही. लू शुन यांना तो चिनी पुराणातील जलदैत्यापासून आलेला वाटला, हू शी यांनी हनुमानाकडे बोट दाखवले. ज्याच्या जन्माचा निवाडा विद्वानांना करता आला नाही, त्याचा मुखत्यार एका नटाला कोण करणार?

झांग यांनी न्यायालयाचेही दार ठोठावले. एका संगणकीय खेळात आपली छबी वापरल्याचा त्यांचा दावा होता. २०१३ साली तो अंतिमतः फेटाळला गेला. रंगवलेल्या चेहऱ्यामागे लोक नटालाच ओळखत असतील तर त्या चेहऱ्यालाही संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. पण खेळातला वानर वेगळा दिसतो, असा निर्वाळा दिला. निकाल नीट वाचला तर नटाला न्याय देणारा आहे. चेहरा तुमचा, वानर सर्वांचा.

मग नवी पिढी बिथरली. २०१८ च्या सुमारास झांग यांच्या भाषणांतील ठरावीक वाक्यांचे विडंबन इंटरनेटवर इतके पसरले की त्याला एका ‘शास्त्रा’चे नाव मिळाले. आत्मस्तुतीवर टोले मारण्यात गैर काही नाही. पण त्या हास्यात सहा वर्षांची मेहनत, अधू नजर आणि सात वर्षांच्या पोराला भावाने दिलेला शब्द हेही वाहून गेले. ज्याला वानर होणे म्हणजे मेलेल्या भावाची भेट, त्याला दुसऱ्याचा वानर सहन झाला नाही, एवढे तरी समजून घ्यायला हवे होते. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॅक मिथ : वुखोंग’ हा संगणकीय खेळ आला आणि जगभर खपला. तो बनवणारी कंपनी हांगचौची, झांग घराण्याच्याच झेजियांग प्रांताची. त्यातला वानर राकट, केसाळ, अबोल आहे. झांग यांच्या वानराशी त्याचे रूप मुळीच जुळत नाही. मात्र १९८६ च्या मालिकेचे शीर्षकसंगीत त्या मुलांनी नव्याने बांधून खेळात वाजवले आहे.