छातीचा कोट करू नका

आपल्या मराठीतल्या एका वाक्प्रचाराशी माझं जुनं भांडण आहे. ‘छातीचा कोट करून लढला.’ श्रद्धांजलीच्या फलकावर तर तो हमखास असतो. पण छातीचा कोट होत नाही. एके-४७ ची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगाने येते. तिला अडवायला माती, वीट, काँक्रीट नाहीतर जाड पोलाद लागतं.

आडोसा दोन प्रकारचा असतो, हे आम्हाला एनडीएत मिसरूड फुटायच्या वयात शिकवलं. एक नजरेपासूनचा, दुसरा गोळीपासूनचा. झुडूप, पडदा, लाकडी दार, सोफा, लोखंडी कपाट हे सगळे पहिल्या प्रकारातले; तुम्ही दिसत नाही, पण गोळी आरपार येते. सिनेमावाल्यांनी मात्र उलट्या केलेल्या टेबलामागे अख्खी चकमक लढवून लोकांची समजूत पार बिघडवून ठेवली आहे.

सध्या छावणीत घर मिळेपर्यंत मी लखनौच्या विकास नगरात भाड्याने राहतो. इथे एका बँकेच्या दारात बंदूकधारी पहारेकरी बसतो. मांडीवर दुनाळी, बसायला प्लास्टिकची खुर्ची, पाठीला काचेचं दार. चार पावलांवर इमारतीचा चांगला जाडजूड खांब आहे. तिथे का बसत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, “साहब, ऊपर से हुक्म है, गार्ड सामने दिखना चाहिए.” म्हणजे हा माणूस पहाऱ्याला नाही, प्रदर्शनाला बसवलाय. आणि गोळी चालली तर पहिली त्यालाच.

कोणी म्हणेल, लेखक फौजी आहे, त्याला सगळीकडे शत्रू दिसतो. बरं, मग इथून काही तासांवरचं कानपूर जिल्ह्यातलं बिकरू आठवा. २ जुलै २०२० च्या रात्री पोलीस विकास दुबेला पकडायला गेले. वाटेत जेसीबी आडवा लावलेला. गाड्या थांबल्या, माणसं पायी पुढे गेली आणि छपरांवरून गोळीबार सुरू झाला. उपअधीक्षक देवेंद्र मिश्रांसह आठ जण गेले. गुंडांकडे उंची होती, कठडे होते. पोलिसांच्या वाट्याला उघडी गल्ली आली. नंतर शौर्यावर पुष्कळ बोललं गेलं. त्या गल्लीबद्दल किती जण बोलले?

आपल्याकडचं उदाहरण जास्त दुखतं. २६ नोव्हेंबर २००८ ला रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, तिचा पत्रा म्हणजे रायफलीच्या गोळीला कागद. गाडीत आडोसा असतो तो इंजिनाचा आणि फार तर चाकांचा; दारांचा नव्हे. त्या तिघांच्या धैर्याबद्दल शंका घेणाऱ्याचं तोंड मी पाहणार नाही. माझा राग आहे तो त्यांना तसल्या पत्र्यात बसून अशा हत्यारांसमोर जावं लागलं त्या व्यवस्थेवर. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला. त्या माणसापुढे मी कायम नतमस्तक आहे. पण त्यांच्या हातात लाठीच का होती, हा प्रश्न पुतळ्याला हार घालून मिटत नाही.

त्याच रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं. हातात शस्त्र नाही. फक्त गोळी कुठून येतेय हे ओळखून लोकांना तिच्या वाटेतून बाजूला काढलं. आडोशाची अख्खी विद्या एवढीच आहे.

‘आडोसा घेणं म्हणजे भ्यायलाच की,’ असं मला गावाकडे एका लग्नात ऐकवलं गेलंय, तेही बंदूक कधी न धरलेल्या माणसाकडून. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. आता म्हणा महाराज भ्याले!

आणि नुसतं भिंतीमागे जाऊन भागत नाही. भिंतीला चिकटून उभं राहिलं की घसरून आलेली गोळी आणि उडालेले विटांचे तुकडे आपल्यालाच लागतात. हात-दोन हात मागे राहावं. वरून डोकावू नये, शक्यतो बाजूने आणि खालून पाहावं. एकाच जागेवरून दोनदा डोकावू नये. नऊ इंची भिंत चांगलीच, पण त्याच जागी मारा होत राहिला तर तीही ढासळते, म्हणून पुढचा आडोसा आधीच हेरून ठेवायचा.

हे वाचून येत नाही, घोटून घ्यावं लागतं. मोकळ्या मैदानात उभं राहून स्थिर लक्ष्यावर गोळ्या झाडून सराव झाला असं समजणं बंद करा. पोलीस असो वा बँकेचा पहारेकरी, त्याच्या वाट्याला वर्षाकाठी ज्या काही गोळ्या येतात त्यांतल्या निम्म्या तरी आडोशामागून, गुडघ्यावर बसून, दोन्ही खांद्यांवरून झाडायला लावा. रेंजवर चार सिमेंटचे पाईप आणि भंगारातली एक जीप आणून ठेवली की सामान झालं.