वळणावर गाडीने चालकाचे ऐकावे का?

मोटारसायकलला किती चाके असतात असे कोणी विचारले, तर तुम्ही हसाल. परंतु कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तेथील बीआरपी या कंपनीने २००७ साली 'कॅन-ॲम स्पायडर' नावाची तीन चाकांची मोटारसायकल पुढे आणली. पुढे दोन चाके, मागे एक. बसायचे मात्र मोटारसायकलसारखे, दोहोंकडे पाय टाकून. आपली रिक्षा उलटी फिरवली तर चाकांची जशी मांडणी होईल, तशी ही मांडणी आहे.

या गाडीत स्थैर्य राखणारी एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. चालक फार वेगाने वळू लागला की ती मध्ये पडते. इंजिनाची ताकद कमी करते आणि गरज पडली तर एखाद्या चाकाला ब्रेकही लावते. चालकाने मूठ पूर्ण पिळलेली असली तरी! काही चालकांना हे मुळीच रुचत नाही. 'गाडी माझी, मूठ माझी, मग इंजिनाने दुसऱ्या कोणाचे का ऐकावे?' असा त्यांचा सवाल असतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा वेळी यंत्राचेच बरोबर आहे. मात्र ते का बरोबर आहे, हे ज्याने समजून घेतले नाही त्याला ते यंत्र पुरते वाचवू शकणार नाही. हे मत केवळ मी सांगतो म्हणून मान्य करू नका. नववी-दहावीत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ते घासून पाहा.

ओळंबा आणि त्रिकोण

दोन चाकांची गाडी वळताना आतल्या बाजूस कलते आणि त्यामुळेच तोल सांभाळते. वळताना कलणाऱ्या तीनचाकी गाड्याही निघाल्या आहेत. इटलीच्या पियाजिओ कंपनीची २००६ सालची 'एमपी३' ही त्यांपैकी एक. स्पायडर मात्र कलत नाही. ती मोटारीसारखी जमिनीला धरून वळते.

गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. गाडीच्या गुरुत्वमध्यात असा एक ओळंबा टांगला आहे, अशी कल्पना करा. गाडी उभी असताना त्याची दोरी सरळ खाली लोंबेल. गाडी डावीकडे वळली की ओळंबा उजवीकडे झुकेल. वेग वाढवला की तो मागे जाईल, ब्रेक लावला की पुढे. बसमध्ये उभे असताना तुमचे शरीर जे करते, तेच ओळंबा करतो. दोन्हींचे कारण एकच, जडत्व.

आता तिन्ही चाके जमिनीला जेथे टेकतात ते बिंदू रेषांनी जोडा. एक त्रिकोण मिळेल. ओळंब्याची दोरी मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ती या त्रिकोणाच्या आत पोचत असेल तोवर गाडी सुरक्षित आहे. ती त्रिकोणाबाहेर गेली की आतल्या बाजूचे चाक उचलले जाते आणि गाडी उलटू लागते. चारचाकीत त्रिकोणाऐवजी चौकोन असतो, त्याची रुंदी पुढे-मागे जवळजवळ सारखीच. त्रिकोण मात्र एका टोकाला निमुळता होत जातो. तीनचाकीचे सारे गुणदोष या निमुळतेपणात आहेत.

थोडा हिशेब

पुढचे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. ते कोणत्याही एका गाडीचे नव्हेत. समजा, पुढील दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर आहे आणि पुढच्या आसापासून मागचे चाक १.७ मीटरवर आहे. चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर उंच आणि मागच्या चाकाच्या १.१ मीटर पुढे आहे. गुरुत्वमध्याच्या खाली त्रिकोणाची अर्धी रुंदी समरूप त्रिकोणांवरून काढता येते. ०.६५ ला १.१ ने गुणून १.७ ने भागले की ती सुमारे ०.४२ मीटर येते. म्हणजे ओळंब्याची दोरी ०.५५ मीटर खाली येताना ०.४२ मीटरपेक्षा जास्त बाजूला गेली की गाडी उलटू लागणार. वळणावरील त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.७६ पट झाले की हे घडते.

वर्तुळाकार गतीत त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली, तर सीमेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर येतो. हा हिशेब गाडी एकसारख्या वेगाने वळत असतानाचा आहे.

आता चालकाने वळणातच मूठ पिळली आणि गाडीला गुरुत्वीय त्वरणाच्या ०.३ पट त्वरण दिले असे समजा. ओळंबा मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे, सुमारे साडेसोळा सेंटिमीटर सरकेल. तेथे रुंदी कमी आहे. पुन्हा हिशेब केला तर सीमेचा वेग ताशी ५० किलोमीटरवर उतरतो. उलट तेवढ्याच जोराने ब्रेक लावला, तर ओळंबा पुढे रुंद भागाकडे जातो आणि सीमा ताशी ५८ किलोमीटरपर्यंत वर चढते.

समजा, गाडी त्या वळणावर ताशी ५२ किलोमीटर वेगाने आहे. मूठ पिळलेली असेल तर ती सीमेबाहेर आहे. त्याच क्षणी इंजिनाची ताकद काढून घेतली तर ती सीमेच्या आत येते. वेग अजून तोच आहे, वळणही तेच आहे, तरी उलटण्याचा धोका टळला! ताकद तोडल्याने वेग उतरतो हे सर्वांनाच कळते. पण वेग उतरण्याआधीच ओळंबा रुंद जागी येतो, हा लाभ पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यंत्रणेची कृती बरोबर आहे असे मी म्हणतो ते यासाठी.

खऱ्या गाडीत स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, त्यामुळे सीमा आणखी खाली येते. रस्ता ओला असेल तर गाडी उलटण्याआधीच घसरते. घसरण आवरणे हे या यंत्रणेचे दुसरे काम आहे. ती चाकांचे वेग, हँडलचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि बाजूचे त्वरण किती आहे, हे सारखे मोजत असते. चालकाला कुठे जायचे आहे आणि गाडी खरोखर कुठे चालली आहे यांत फरक दिसला की ती हस्तक्षेप करते. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक थोडे रोखले, तर गाडीचे तोंड किंचित बाहेर वळते, वळणाची त्रिज्या वाढते आणि बाजूचे त्वरण कमी होते.

आक्षेपात तथ्य आहे का?

चालकांच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ऐन वळणात ताकद एकाएकी गेली तर चालक दचकतो आणि दचकलेला माणूस चुका करतो. म्हणून ताकद हळुवार कमी व्हावी आणि ती का कमी झाली हे चालकाला कळावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण 'यंत्रणाच नको' हे म्हणणे निराळे. घरातला फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग तुम्ही पाहिले असतील. दिवा लागतो हे खरे. पण मग आगीपासून वाचवणार कोण?

तंत्रज्ञानाच्या इतिहासातही याला आधार आहे. मोटारींसाठी अशी यंत्रणा बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांनी १९९५ साली बाजारात आणली, ती एका महागड्या गाडीत. १९९७ साली मर्सिडीजची नवी, लहान आणि उंच 'ए-क्लास' मोटार स्वीडनमधील एका चाचणीत उलटली. वाटेत सांबरासारखा मोठा प्राणी अचानक आला तर चालक हँडल झटकन फिरवतो, तशी ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवली. तीन चाकांच्या बाबतीत तर यापूर्वीच धडा मिळाला होता. अमेरिकेत शेतात-माळावर फिरवायच्या, पुढे एक चाक असलेल्या तीनचाकी गाड्यांचे इतके अपघात झाले, की १९८८ साली सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन समझोता होऊन त्यांची विक्री थांबवावी लागली.

तरीही यंत्रणेच्या भरवशावर राहणारा चालक मला यंत्रणेला शिव्या देणाऱ्याइतकाच धोकादायक वाटतो. टायर आणि रस्ता यांमधले घर्षण मर्यादित असते. संगणक ते वाढवू शकत नाही. आहे तेवढे नीट वापरतो, इतकेच. ३० मीटरच्या वळणात कोणी ताशी ८० किलोमीटर वेगाने शिरला, तर वेगाचा वर्ग माफ करायला कोणतेही यंत्र येणार नाही.

आणि आपली रिक्षा?

आपल्या नेहमीच्या रिक्षात असा इलेक्ट्रॉनिक राखणदार नसतो. तिच्या त्रिकोणाचे निमुळते टोक पुढे आहे. तेव्हा वर सांगितलेला नियम येथे उलटा लागू होतो. ऐन वळणात जोराने ब्रेक लावला की ओळंबा बाहेर आणि पुढे, म्हणजे नेमका निमुळत्या भागाकडे जातो. स्पायडरला जे तारक, ते रिक्षाला मारक! म्हणून रिक्षाचा वेग वळण सुरू होण्यापूर्वी, सरळ रस्त्यावरच उतरवला पाहिजे.

चालकाच्या शेजारी एक-दोन जण बसवले की गुरुत्वमध्य पुढे, निमुळत्या भागाकडे सरकतो. टपावर सामान ठेवले की तो उंच होतो. दोन्ही गोष्टींनी सीमा खाली येते. शाळेच्या रिक्षात मुले आणि दप्तरे कोंबताना या दोन्ही गोष्टी एकदम होतात. हा प्रश्न केवळ दंडाच्या पावतीचा नाही, त्या त्रिकोणात बसलेल्या मुलांचा आहे. राखणदार यंत्रात नसेल तर तो चालकाच्या डोक्यात असला पाहिजे, आणि प्रवाशांच्याही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्तुळाकार गती शिकवताना दोरीला बांधलेला दगड फिरवून थांबू नका. तीन चाकांची एक खेळण्यातली गाडी आणि एक फळी वर्गात आणा. चाके फिरू नयेत म्हणून ती चिकटपट्टीने बांधा आणि खालून घसरू नये म्हणून फळीवर खरखरीत कागद लावा. गाडी उताराला आडवी ठेवून फळी एका बाजूने हळूहळू उचला आणि ती कोणत्या कोनाला उलटते ते मोजा. मग एकट्या चाकाचे टोक थोडे उताराकडे वळवून पुन्हा मोजा. त्यानंतर ते चढाकडे वळवून मोजा. पहिल्या कोनाची स्पर्शज्या म्हणजेच वरच्या हिशेबातला ०.७६ सारखा आकडा. गाडीवर मातीचा गोळा ठेवून तो पुढे-मागे, वर-खाली हलवा आणि मुलांनाच निष्कर्ष काढू द्या.

ज्या मुलांनी हा प्रयोग हाताने केला आहे, ती पुढे स्पायडर चालवोत की रिक्षातून शाळेत जावोत, वळण येताना त्यांना त्रिकोण दिसेल. आणि एखाद्या दिवशी तुमची रिक्षा भरधाव वळणाकडे निघाली, तर 'काका, वळणाआधी जरा हळू घ्या' असे म्हणायला लाजू नका. त्या वाक्यामागे भौतिकशास्त्राचा पक्का आधार आहे.