आकाश जवळ, विमानतळ दूर

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी नियमित उड्डाणे सुरू झाली. महानगरास दुसरा विमानतळ लाभला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु विमानतळ बांधला म्हणजे विमानप्रवासाची सोय झाली, असे मानणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे: सामान आणि वृद्ध आईवडील यांसह गिरगावातून निघालेल्या उतारूने तेथवर पोहोचावे कसे, याची चिंता कोणी वाहावयाची?

हा प्रश्न नवा नव्हे. लंडनमध्ये १९५७ साली क्रॉमवेल रोडवर, भर वस्तीत, ‘वेस्ट लंडन एअर टर्मिनल’ सुरू झाले. उतारूने तेथेच तिकीट दाखवावे, सामान हवाली करावे आणि विमानकंपनीच्या बसने हीथ्रो गाठावे, अशी व्यवस्था होती. पुढे तर डबलडेकर बसमागे सामानाची स्वतंत्र गाडी जोडलेली असे. रस्त्याची जबाबदारी उतारूची नव्हे, कंपनीची होती. तेथे सामान स्वीकारणे १९७४ च्या आरंभी बंद झाले. तथापि १९७७ साली भुयारी रेल्वे हीथ्रोपर्यंत पोहोचली. एक सोय गेली, तिची जागा दुसरीने घेतली.

आपल्याकडे सांताक्रूझ-सहारच्या विमानतळास भुयारी मेट्रोची स्थानके मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. तोवर दोन पिढ्यांनी टॅक्सीच्या मीटरकडे पाहत आणि घड्याळाचे काटे मोजत तो रस्ता काटला. नव्या विमानतळाच्या बाबतीत तीच दिरंगाई आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणेल, विमानाने जाणाऱ्यास टॅक्सी का परवडू नये? विमानप्रवास ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. शिवाय पहाटेच्या पाळीस जाणारा हमाल आणि सफाई कामगार यांनाही तोच रस्ता तुडवावा लागतो.

नुसत्या बसगाड्या धावून भागणार नाही. त्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी बांधलेल्या हव्यात, त्यांत सामानास जागा हवी आणि रात्री उशिरा उतरणाऱ्यासाठीही गाडी उभी हवी. दादर, ठाणे व पनवेल येथे सामान स्वीकारण्याची सोय का असू नये? दिल्लीने २०११ साली मेट्रोस्थानकात ती करून दाखविली होती. विमानतळाचे चालक, विमानकंपन्या आणि शासन यांनी ही जबाबदारी एकमेकांवर न ढकलता वाटून घ्यावी. आकाशात वाचविलेला तास रस्त्यावर गमवावा लागत असेल, तर त्या वेगाचे मोल ते काय?