रूप एक, कंठ तीन

पाखरू ओळखावयाचे म्हणजे त्याचा रंग पाहावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मोर, खंड्या, हळद्या यांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु वटवट्यांच्या कुळात डोळ्यांचा हा अभिमान टिकत नाही. पाठ हिरवट, पोट फिकट, डोळ्यावर पिवळसर रेघ आणि वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम! एकाच घरट्यातील भावंडे वाटावीत, इतकी ही पाखरे एकमेकांसारखी असतात.

इंग्लंडातील सेलबोर्न या गावी अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाईट नावाचे अँग्लिकन धर्मोपदेशक राहत असत. वसंतात दुरून येणाऱ्या अशा पाखरांकडे त्यांनी कान लावला. एक पाखरू दोनच सुरांचा ठेका धरी. दुसरे हसऱ्या, मोकळ्या सुरात गाई. तिसरे बीच वृक्षांच्या शेंड्यावर पंख थरथरवीत शीळवजा सूर काढी. मग व्हाईट यांनी पिसे, पायांचा रंग व वजनही तपासले, आणि कानाच्या साक्षीस डोळ्यांनी व तराजूने दुजोरा दिला. या जाती तीन आहेत, असे त्यांनी ऑगस्ट १७६८ मधील एका पत्रात निःशंकपणे लिहिले. पुढे १७८९ साली त्यांची पत्रे ग्रंथरूपाने निघाली. आजचे शास्त्रही या तिन्ही जाती वेगळ्याच मानते.

एवढ्या बारकाव्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ब्रिटनच्या रानांतच आहे. तेथे पहिली जात आज सुस्थितीत आहे. तिसरी मात्र इतकी घटली की, २००९ साली तिचे नाव सर्वाधिक चिंतेच्या तांबड्या यादीत गेले. तिघींना एकच समजून मोजले असते, तर एकीच्या भरभराटीत दुसरीचा ऱ्हास झाकला गेला असता. ज्याला स्वतंत्र नाव नाही, त्याचे नाहीसे होणे कोणाच्या ध्यानी यावे?

याच कुळातील हिरवट वटवट्या हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येतो आणि आमराईत पानापानांवरचे किडे टिपीत फिरतो. तो दृष्टीस पडणे कठीण. परंतु 'चिस्वी' अशी त्याची तीक्ष्ण हाक वारंवार ऐकू येते. आपण मुलांना ती ओळखावयास शिकवू या. एखाद्या वर्षी हा पाहुणा आलाच नाही, तर ते त्याच घराला कळेल, ज्या घराने त्याची हाक ओळखून ठेविली आहे.