रिकामी ताटली आणि पाच शिलिंगांचे पुस्तक : विल्यम ब्लेकचा जमाखर्च

१/२०
लंडन, १० ऑक्टोबर १७९३. लॅम्बेथ भागात राहणारा पस्तीस वर्षांचा एक कोरीवकाम करणारा कारागीर जनतेला उद्देशून एक जाहीरपत्रक काढतो. स्वतः लिहिलेली, स्वतः चितारलेली आणि स्वतःच छापलेली पुस्तके त्यात विक्रीला मांडलेली आहेत. या कारागिराचे नाव विल्यम ब्लेक. आज इंग्रजीतील थोर कवी आणि चित्रकार म्हणून त्याचा अभ्यास होतो. या धाग्यात त्याच्या कवितेपेक्षा त्याचा जमाखर्च पाहायचा आहे.

२/२०
ब्लेकविषयी दोन कथा प्रचलित आहेत. एक, जगाने न ओळखलेल्या प्रतिभावंताची. दुसरी, दृष्टान्तांत रमलेल्या व्यवहारशून्य वेड्याची. दोन्ही कथा सोयीच्या आहेत, कारण त्या ऐकल्यावर पैशाचा प्रश्न कोणी विचारत नाही. आकडे समोर ठेवले की वेगळाच माणूस दिसू लागतो. त्यासाठी त्या काळचे चलन लक्षात ठेवावे : १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड आणि २१ शिलिंगांची १ गिनी.

३/२०
ब्लेकचा जन्म १७५७चा, लंडनच्या सोहो भागातला. वडिलांचे मोजे-हातमोज्यांचे दुकान होते. मुलाचा ओढा चित्रांकडे. पण चित्रकाराच्या शिक्षणाचा खर्च पेलणारा नव्हता. म्हणून १७७२ साली, चौदाव्या वर्षी, जेम्स बझायर या कोरीवकाम करणाऱ्या उस्तादाकडे त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवले गेले. त्यासाठी वडिलांनी ५२ पौंड १० शिलिंग मोजले. पुढे आयुष्यभर ब्लेकच्या घरातली चूल मुख्यतः याच विद्येवर पेटली.

४/२०
या धंद्याचा दर्जा काय होता? तांब्याच्या पत्र्यावर दुसऱ्याचे चित्र कोरून द्यायचे, प्रकाशकाने पत्र्यामागे ठरवलेला मोबदला घ्यायचा. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीत चित्रकार पूर्ण सभासद होऊ शकत. कोरीवकाम करणाऱ्यांना ते पद खुले नव्हते. १७७९मध्ये ब्लेक तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. कल्पना करणारा वर आणि हाताने कोरणारा खाली, ही उतरंड त्याने अगदी तरुणपणी जवळून पाहिली.

५/२०
१७८२मध्ये त्याचा कॅथरीन बाउचरशी विवाह झाला. विवाहनोंदीत तिने सहीऐवजी फुली मारली होती. पुढे ती लिहावाचायला शिकली, छपाईही शिकली. १७८३मध्ये ब्लेकचा पहिला कवितासंग्रह मित्रांच्या पैशाने छापला गेला, पण तो बाजारात विक्रीला आलाच नाही. १७८४मध्ये एका जुन्या सहाध्यायाबरोबर त्याने छापील चित्रांचे दुकान थाटले. तेही फार काळ टिकले नाही. प्रकाशन आणि दुकानदारी, दोन्हींची पहिली परीक्षा अशी गेली.

६/२०
सचित्र पुस्तक काढणे तेव्हा भांडवलाचे काम होते. मजकुरासाठी खिळे जुळवणारे कामगार आणि खिळ्यांचा छापखाना लागे. चित्रासाठी तांब्याचा पत्रा, तो कोरणारा माणूस आणि रुळांमधून कागद दाबून काढणारे निराळे यंत्र लागे. एकच पान दोन कारखान्यांतून फिरायचे. हा खर्च करणारा प्रकाशक साहजिकच पुस्तकात काय असावे हेही ठरवत असे.

७/२०
१७८८च्या सुमारास ब्लेकने यावर तोडगा काढला. मृत धाकटा भाऊ रॉबर्ट याने दृष्टान्तात येऊन ही कृती सांगितली, असे तो म्हणत असे. कृती मात्र पक्क्या कारागिराची होती. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी लिहायची, शेजारीच चित्र काढायचे, मग पत्रा आम्लात ठेवायचा. मोकळी जागा झिजते, अक्षर आणि चित्र उठून राहते. त्यावर शाई लावून छापायचे. कविता आणि चित्र एकाच हाताने, एकाच पत्र्यावर!

८/२०
छापखाना म्हणजे घरच. कॅथरीन शाई लावण्यात, छपाईत, रंगभरणीत आणि पाने शिवण्यातही हातभार लावी. १७८९मध्ये 'निरागसतेची गाणी' आणि १७९४मध्ये 'अनुभवाची गाणी' या रीतीने निघाली. लेखक, चित्रकार, मुद्रक, प्रकाशक आणि विक्रेता अशी पाच कामे एकाच घरात आली. मजकुरावर ना संपादकाची कात्री, ना भांडवलदाराचा शब्द. युरोपीय पुस्तकाच्या इतिहासात इतके संपूर्ण स्वातंत्र्य क्वचितच दिसते.

९/२०
आता १७९३च्या त्या पत्रकाकडे वळू. ब्लेकचे म्हणणे थोडक्यात असे : कवी-कलावंतांचे दारिद्र्य म्हणीसारखे सर्वश्रुत आहे, पण त्याचा दोष जनतेचा नाही, कलाकृतींचा प्रसार करण्याचे साधनच त्यांच्या हाती नव्हते, आणि आता ते सापडले आहे. किमतीही माफक होत्या. 'निरागसतेची गाणी' ५ शिलिंग, 'अमेरिका' १० शिलिंग ६ पेन्स. हा भ्रमिष्टाचा नव्हे, बाजाराचा विचार केलेल्या माणसाचा मजकूर आहे.

१०/२०
त्याच पत्रकात आणखी एक बाणेदार वाक्य आहे. आगाऊ वर्गण्या मागितलेल्या नाहीत, कारण त्यांची गरज नाही, अशा आशयाचे. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके चाळणाऱ्यांना 'आश्रयदात्यांची यादी' परिचित असते. आधी पैसे भरणाऱ्यांच्या भरवशावर पुस्तक छापण्याची तीच रीत इंग्लंडमध्येही रूढ होती. ब्लेकने ती नाकारली. स्वाभिमान म्हणून हे लखलखीत आहे. व्यवहार म्हणून त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

११/२०
चूक कोठे झाली? छापण्याचे साधन हाती आले, पण वेळ वाढला नाही. प्रत्येक प्रत हाताने छापायची आणि अनेकदा हातानेच रंगवायची. पुस्तकविक्रेत्यांच्या जाळ्याशी संबंध नव्हता. त्यामुळे 'निरागसतेची गाणी' या त्याच्या सर्वाधिक परिचित पुस्तकाच्याही आयुष्यभरात काही डझन प्रतीच निघाल्या. ज्या पद्धतीने त्याला कोणाचीही परवानगी न घेता लिहिता आले, त्याच पद्धतीने त्याचा वाचकही मूठभर ठेवला. ब्लेकच्या आयुष्याची खरी गाठ येथे आहे.

१२/२०
मग भाकरी कोठून येई? दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. १७९५च्या सुमारास एका प्रकाशकाने एडवर्ड यंगच्या दीर्घकाव्यासाठी चित्रे मागितली. ब्लेकने जलरंगात ५३७ चित्रे केली आणि मोबदला मिळाला २० गिनी. भागाकार केला तर चित्रामागे साडेनऊ पेन्सही पडत नाहीत. खरी कमाई पुढच्या कोरीवकामातून व्हायची होती. पण १७९७मध्ये पहिला भाग निघाला, खपला नाही आणि योजना तेथेच थांबली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाने चित्रांच्या व्यापारालाही उतरती कळा लागली होती.

१३/२०
१८०५मध्ये रॉबर्ट क्रोमेक या प्रकाशकाने ब्लेअरच्या 'थडगे' या काव्यासाठी २० चित्रे २० गिनींना ठरवली. कोरीवकामही ब्लेककडेच येणार होते आणि पैसा त्यातच होता. मागाहून ते काम लुई स्किआव्होनेत्ती या अधिक गुळगुळीत, बाजाराला रुचेल अशा हाताच्या कारागिराकडे गेले. १८०८मध्ये शेकडो वर्गणीदारांच्या पाठबळावर पुस्तक निघाले. वर्गणीची रीत नाकारणाऱ्याची चित्रे वर्गणीदारांपर्यंत पोहोचली, पण नफा दुसऱ्याच्या पदरी पडला.

१४/२०
१८०७मध्ये क्रोमेकने ब्लेकला एक झोंबरे पत्र लिहिले. आपण प्रथम भेटलो तेव्हा तुम्ही नवरा-बायको आठवड्याला अर्ध्या गिनीवर दिवस काढत होता, असे त्यात सुनावले आहे. अर्धी गिनी म्हणजे १० शिलिंग ६ पेन्स, म्हणजेच पत्रकातील 'अमेरिका'ची किंमत. कागद, तांबे, रंग यांचा खर्च बाजूला ठेवला, तर आठवड्याला ते एक पुस्तक खपले असते तरी हे घर चालले असते. तेवढेही गिऱ्हाईक नव्हते.

१५/२०
१८०९मध्ये ब्लेकने स्वतःच प्रदर्शन भरवले. जागा भावाच्या मोज्यांच्या दुकानाची. चित्रे १६, प्रवेश अडीच शिलिंग, त्यात स्वतः लिहिलेली वर्णनात्मक सूची. वृत्तपत्रांतून परीक्षण आले एकच. त्यात त्याला वेडा ठरवले होते. वेडेपणाची दंतकथा पक्की करणाऱ्यांत हे परीक्षण अग्रभागी आहे. विक्री न होण्यामागे बाजाराची कारणे शोधण्यापेक्षा माणसाच्या डोक्यात दोष शोधणे सोपे असते.

१६/२०
या साऱ्याचा भार घरात कोण वाहत होते? १८६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर गिल्क्रिस्टच्या ब्लेकचरित्रात एक आठवण आहे. पैसे संपत आले की कॅथरीन बोलून दाखवत नसे. असेल नसेल ते वाढी आणि शेवटी एके दिवशी जेवणाच्या वेळी रिकामी ताटली समोर ठेवी. मग ब्लेक पुन्हा पोटाच्या कामाला बसे. अडीनडीसाठी एखादी गिनी ती त्याच्या नकळत दडवून ठेवी, असेही तेथे म्हटले आहे. 'एकहाती प्रकाशन' म्हणताना ही गिनी विसरता कामा नये.

१७/२०
दुसरा आधार होता टॉमस बट्स. हा सरदार नव्हता, एका सरकारी कचेरीतला कारकून होता. १७९९पासून त्याने बायबलमधील प्रसंगांची चित्रे प्रत्येकी एका गिनीला घेतली आणि वर्षानुवर्षे घेत राहिला. उत्तरायुष्यात जॉन लिनेल हा तरुण चित्रकार पाठीशी उभा राहिला. १८२३च्या करारान्वये त्याने 'जॉब'च्या चित्रमालेसाठी १०० पौंड आणि नफ्यातून आणखी १०० पौंड कबूल केले. रक्कम थोडीथोडी, घर चालेल अशा बेताने देण्यात आली.

१८/२०
मधली वर्षे कशी होती? १८१५-१६मध्ये हा कवी वेजवूडच्या चिनीमातीच्या भांड्यांची सूची कोरत होता : वाडगे, थाळ्या, सूपाची भांडी. १८२१मध्ये त्याला स्वतःचा जपलेला चित्रसंग्रह विकावा लागला आणि बिऱ्हाड दोन खोल्यांत आले. १८२२मध्ये रॉयल अकॅडमीने २५ पौंडांची मदत दिली. याच काळात 'जेरुसलेम' हे शंभर पत्र्यांचे महाकाव्य पूर्ण होत होते. सुपाच्या भांड्यांचा इतिहास आणि इंग्रजी काव्याचा इतिहास येथे एकाच टेबलावर येतात.

१९/२०
किमतीही बदलल्या. ५ शिलिंगांचे पुस्तक १८१८मध्ये ३ पौंड ३ शिलिंगांना, म्हणजे बारापटीहून महाग झाले. सर्वांसाठीचे पुस्तक आता निवडक संग्राहकांचे झाले. एप्रिल १८२७मधील पत्रात ब्लेक लिहितो की, 'गाण्यां'चा एक संच १० गिनींना करतो आहे, पण इतर काम सांभाळून त्याला सहा महिने लागतील. आणि 'जेरुसलेम'च्या एकमेव रंगीत प्रतीला गिऱ्हाईक मिळण्याचा संभव नाही. १२ ऑगस्ट १८२७ रोजी तो वारला. अंत्यविधीचे पैसे लिनेलकडून उसने घ्यावे लागले. त्यानंतर लवकरच त्याचे एकच चित्र एका उमरावाने कॅथरीनकडून ८० गिनींना घेतले.

२०/२०
या हिशेबातून दारिद्र्याचा गौरव करणारा निष्कर्ष काढू नये. उपासमारीने ब्लेक मोठा झाला नाही. उपासमारीने त्याचे महिने खाल्ले. प्रत्येक कमी मोबदल्यामागे न छापलेली काही पाने आहेत. कलावंताने हाल सोसलेच पाहिजेत, हे तत्त्वज्ञान नेहमी मोबदला देणाऱ्याच्या फायद्याचे असते. ब्लेक स्वतंत्र राहू शकला तो हातात एक कसब होते म्हणून, घरात कॅथरीनचे बिनमोल श्रम होते म्हणून आणि एक कारकून दर चित्रामागे गिनी वेळेवर देत होता म्हणून. छपाईचे साधन आज जवळपास प्रत्येकाच्या हाती आहे. सहा महिन्यांचे काम मात्र अजूनही सहा महिन्यांचेच आहे. स्वतंत्र लेखक-प्रकाशकाविषयी आदर असेल, तर त्याच्या दारिद्र्याच्या कथा सांगण्याआधी त्याचे पुस्तक पूर्ण किमतीला विकत घ्यावे. टॉमस बट्सने इतिहासात जागा मिळवली ती एवढ्याच पुण्याईवर.